चष्मेवाल्याचं स्पॅनिश

९ फेब्रुवारी

प्रिय छोट्या,

बाबा मंगळवारी आणि शुक्रवारी दुकान लवकर बंद करून स्पॅनिशच्या क्लासला जातात. बातमी पक्की आहे. खुद्द दंतवैद्यांनी दुजोरा दिलाय. क्लास त्यांच्या दवाखान्याच्या बरोबर वरच्या मजल्यावर भरतो, आणि बाबांचा आवाज तुला माहीतच आहे. खुर्चीत आ वासून बसलेल्या पेशंटलाही कळतं म्हणे, की चष्मेवाले आले.

आधी लक्षात आलं ते शटर. ज्या माणसाने माझ्या लग्नाच्या सकाळीसुद्धा दुकान उघडून एका बाईंच्या चष्म्याची काडी बसवून दिली, तो माणूस दिवसाउजेडी शटर ओढतो म्हणजे काहीतरी आहे. आईला आधी वाटलं पत्ते. मग वाटलं हृदयाचा डॉक्टर, आणि तिने स्वयंपाकातलं मीठ गुपचूप कमी केलं. शेवटी दाढ दाखवायला गेली ती बातमी घेऊनच परतली. मला फोन केला. "अगं, हे शिकतायत. या वयात. तेही छोट्याच्या बायकोची भाषा." मग म्हणाली, "पत्ते असते तर मला समजलं असतं."

तू फॅमिली ग्रुप सोडलास, माझ्या मेसेजना निळ्या खुणांच्या पलीकडे काही देत नाहीस, आणि रविवारी आईशी व्हिडिओवर बोलताना माझं नाव निघालं की "ताईला सांग, मजेत आहे" एवढ्यावर काम भागवतोस. म्हणून हा कागद. कागद ब्लॉक करता येत नाही.

बाबांनी मला बजावलंय की छोट्याला यातलं काही कळता कामा नये. मी हो म्हटलं. बातमीदाराच्या हो म्हणण्यावर त्यांनी विश्वास ठेवला, ही त्यांची चूक.

त्या जेवणाबद्दल मी काही लिहिणार नव्हते, पण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तू लग्नानंतर पहिल्यांदा बायकोला घेऊन आलास. चिऊ तेव्हा पोटात होती. सगळे टेबलाशी बसलो होतो आणि बाबा हसत हसत, चष्मा पुसत म्हणाले, "शोकेसमधली फ्रेम आहे ही. दिसायला छान. नाकावर टिकायची नाही." तिला मराठीतला एकच शब्द येत होता, तो तिने वापरला. "धन्यवाद," म्हणाली, आणि इतकी गोड हसली की मी पाण्याचा जग घेऊन आत गेले तो भरलेलाच होता.

दुसऱ्या दिवशी दारात बूट घालताना तू बाबांना म्हणालास, "यापुढे माझ्या घराशी बोलायचं असेल तर माझ्या बायकोला शब्दन् शब्द कळेल अशा भाषेत बोला. नाहीतर बोलू नका." आणि ते बोलले नाहीत. आपल्या घरात अबोला धरायला कुणाला शिकवावं लागत नाही. रविवारी तुझा फोन आला की ते पॅसेजमध्ये जाऊन उभे राहतात.

मला इतकी वर्षं वाटत होतं की तू त्या दिवशी दार आपटलंस. बाबांनी मात्र ती प्रवेशाची अट म्हणून ऐकलेली दिसते. आणि आता ते अट पुरी करायला निघालेत.

तुझी,
ताई


२ मार्च

प्रिय छोट्या,

मी क्लासला जाऊन आले. हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे, दुजोऱ्याची गरज नाही.

एक लांबट खोली, पांढरा फळा, प्लॅस्टिकच्या खुर्च्या. खालून दंतवैद्यांच्या यंत्राची घरघर ऐकू येते, आणि ती सुरू झाली की सगळे आपोआप जबडा घट्ट मिटतात, त्यामुळे उच्चार बिघडतात. बाई तुझ्याहून लहान असतील. बाबा त्यांना "अहो बाई" म्हणतात आणि त्या बाबांना "काका". क्लासमध्ये एक नर्स आहे, तिला तिकडे नोकरी लागलीय. जहाजावरचा एक स्वयंपाकी आहे. दोघंतिघं कंपनीने पाठवलेले. सगळ्यांना कुठे ना कुठे जायचंय. पहिल्या दिवशी बाईंनी प्रत्येकाला कारण विचारलं, तेव्हा बाबा म्हणाले होते, "जायचं कुठे नाही. बोलायचंय." ही माहिती नर्सने दिली.

या बाईंची एक रीत आहे. तास सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाने उभं राहायचं आणि स्पॅनिशमध्ये एक गोष्ट सांगायची, जी आपल्याला पूर्वी खरी वाटायची. "क्रेइया के," म्हणजे "मला वाटायचं की" असं म्हणून सुरुवात. तुला माहीतच आहे, पण आता हे आपल्या घरातले शब्द झालेत म्हणून लिहिते. तो थांबला की सगळा वर्ग एका सुरात विचारतो, "इ आओरा?" म्हणजे, आणि आता? मग आता काय वाटतं ते सांगायचं. सांगितल्याशिवाय बसायचं नाही.

नर्स उठली. मला वाटायचं की डॉक्टर हात धुतात. आणि आता? आता मी बघते.

स्वयंपाकी उठला. मला वाटायचं की समुद्रावर माणसाला भूक लागते. आणि आता? आता लोक ओकतात आणि मी डेक पुसतो.

मग बाबा उठले. शर्टाची बटणं तपासली, घसा साफ केला.   म्हणाले, मला वाटायचं की डावखुऱ्या माणसांच्या चष्म्याची काडी लवकर ढिली होते.

"इ आओरा?"

"आता पण वाटतं."

सगळे हसले. बाई मराठीत आल्या. "काका, मत बदललेलं हवं. पूर्वी वाटायचं, आता वाटत नाही, असं."

"बाई," बाबा म्हणाले, "बदलायला ते आधी चुकीचं असायला लागतं."

खाली यंत्र थांबलं होतं, त्यामुळे हे दंतवैद्यांनीही ऐकलं. पण बाईंनी त्यांना बसू दिलं नाही. ते उभे राहिले.  शेवटी बाईंनी पुढच्या वेळी एक बदललेलं मत घेऊन यायला सांगून सुटका केली.

 घरी येताना कोपऱ्यावर वळलो तेव्हा म्हणाले, "माझं एकही मत बदललेलं नाही गं. आणू कुठून?" गृहपाठ न झालेल्या मुलासारखा चेहरा होता. मी हसले नाही, याची नोंद घे.

ताई


२३ मार्च

छोट्या,

तुझं उत्तर आलं. इतक्या दिवसांनी आणि एकाच ओळीचं. "हे नाटक आहे, त्यांना बंद करायला सांग." मी सांगितलेलं नाही. मी तुला बातमी देते, तुझे निरोप पोचवणं हा माझा विभाग नाही.

नाटकाचा मुद्दा मात्र मी गंभीरपणे घेतला. ऑफिसात एखाद्या पुढाऱ्याला एकाएकी उपरती झाली की मीही आधी हाच प्रश्न विचारते: बघणारं कोण आहे? इथे बघणारं कुणी नाही. त्यांना वाटतं तुला माहीत नाही. आईला माहीत आहे, हेही त्यांना माहीत नाही. दाढ दुखते असं सांगून ती शुक्रवारी दंतवैद्यांच्या बाहेरच्या बाकावर जाऊन बसते आणि वर बघत ऐकते. दंतवैद्य म्हणाले, "काकू, एवढ्या वेळा येताय तर एखादी काढूनच टाकू."

आता दुकानाचं सांगते. काउंटरवरच्या फ्रेमना त्यांनी स्पॅनिश नावं चिकटवलीयत. आरशासमोर उभे राहून तोंडाचे आकार करतात. परवा एक गिऱ्हाईक दारातूनच परत गेलं. अक्षरांचा तक्ता गिऱ्हाइकाकडून वाचून घेताना स्वतः मनात स्पॅनिशमध्ये वाचतात. भिंगं धुताना आकडे म्हणतात. वर्षानुवर्षं ज्या खुर्चीवर लोकांना बसवून ते भिंगं बदलत आले, एक काढायचं, दुसरं घालायचं, "आता कसं दिसतंय? आणि आता?", त्याच खुर्चीवर दुपारी स्वतः बसतात आणि धडा पाठ करतात.

मी त्यांना म्हटलं, "बाबा, 'आणि आता?' तर तुमचाच प्रश्न आहे. जन्मभर तुम्हीच विचारत आलात."

"विचारणं सोपं आहे," ते म्हणाले. "खुर्चीत बसणाऱ्याला काय होतं ते आत्ता कळतंय. खरं दिसतंय की विचारणाऱ्याला बरं वाटावं म्हणून हो म्हणतोय, कळत नाही."

बदललेलं मत त्यांनी शेवटी आईकडे मागितलं. कशाला हवंय ते न सांगता. जेवताना म्हणाले, "अगं, पूर्वी मला वाटायचं आणि आता वाटत नाही, असं काय असेल माझं?"

आईने सगळं माहीत असून सरळ चेहऱ्याने विचारलं, "किती वेळ आहे तुमच्याकडे?"

पण तिला पण आठवेना. त्यांच्या किती मतांचा तिला त्रास झाला ते घडाघडा सांगता आलं असतं. बदललेलं एकही नाही. दोघं ताटावर बोट फिरवत बसली. मग आई म्हणाली, "मला गाता येत नाही असं वाटायचं तुम्हाला."

"ते आता पण वाटतं."

तर आधी त्यांनी वर्गात खोटी मतं सांगितली. मला वाटायचं की पृथ्वी सपाट आहे, वगैरे. बाईंनी एक-दोनदा चालवून घेतलं, मग म्हणाल्या, काका, हे तुमचं नाही. त्यावर गेल्या मंगळवारी ते उठले आणि म्हणाले, मला वाटायचं की माझा मुलगा दुकान चालवेल.

"इ आओरा?"

"आता मुलाचे डोळे त्याचे आहेत."

मी तिथे नव्हते. नर्सने फोनवर सांगितलं. तिने विचारलं, "ताई, काका असंच बोलतात का घरी?" मी म्हटलं, नाही. घरी ते म्हणाले असते, "चिरंजीवांना लांबचं फार स्वच्छ दिसतं, जवळचं काही दिसत नाही." आठवतंय ना? अख्ख्या गल्लीला ऐकवलं होतं. तू तिकडे नोकरी घेतलीस त्या वेळी.

आणि यावरून मला एक गोष्ट कळली, ती सांगायलाच खरं तर हे पत्र. बाबांना स्पॅनिशमध्ये टोमणा मारता येत नाही. तेवढी भाषा येत नाही. मराठीत त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला एक वळसा आहे, एक चिमटा आहे, हसत हसत मारायची एक जागा आहे. तिकडे हाताशी असतात मोजकेच शब्द, तेही खडबडीत. त्यामुळे जे मनात असतं तेच तोंडातून बाहेर येतं, दुसरं यायला जागाच नसते. अशा परक्या भाषेत, तरुण पोरांसमोर, उघडं पडायला हा माणूस आठवड्यातून दोनदा जिना चढतो. आपण दोघांनी त्यांना पुष्कळ नावं ठेवली, आणि बरीचशी बरोबर होती. पण भित्रा हे नाव आपण कधी ठेवलं नव्हतं, आणि आता तर ठेवताच येणार नाही.

ताई


१४ एप्रिल

छोट्या,

रविवारी काय झालं ते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तरी आमच्या बाजूने लिहून ठेवते.

आई स्वयंपाकघरात ओट्यापाशी फोन टेकवून बसली होती. मी शेंगदाणे सोलत होते. तिकडे चिऊ एकटीच समोर होती, दूध पीत, मिशी पांढरी करून. आई तिला मराठीत आणि ती आईला स्पॅनिशमध्ये सांगत होती. दोघींचं छान चाललं होतं, कारण कुणी कुणाला अडवत नव्हतं. बाबा नेहमीप्रमाणे पॅसेजमध्ये.

मग ते आत आले. आधी ठरवलेलं नव्हतं. पायात एकच चप्पल होती. फोनसमोर वाकले आणि खणखणीत आवाजात तिला "शुभ संध्याकाळ" म्हणाले, तिच्या भाषेत.

चिऊने पेला खाली ठेवला. नीट निरखून पाहिलं. मग म्हणाली, "दीआस." तुमच्याकडे सकाळ होती ना. बाबांनी लगेच सुधारून म्हटलं, ब्वेनोस दीआस. ती मान डोलावून "हां" म्हणाली, अगदी बाईंसारखी. बाबांचा चेहरा मी कितीही चांगलं लिहिलं तरी तुला दिसायचा नाही.

त्यांनी तिला नाव विचारलं. तिने सांगितलं आणि त्यांना विचारलं, तू कोण? ते उत्तर जुळवत होते. "मी तुझा" इथपर्यंत आले होते. तेवढ्यात मागून तुझा हात आला आणि पडदा काळा झाला.

आई म्हणाली, "लाइन गेली वाटतं." मी म्हटलं, "हो, लाइन गेली." बाबा काळ्या पडद्यासमोर वाकलेले तसेच होते. मग सरळ झाले. म्हणाले, "तिने मला दुरुस्त केलं. पाहिलंस? बरोबर होती ती." आणि दुसरी चप्पल शोधायला बाहेर गेले.

हात तुझाच होता. तुझ्या मनगटावरचा लहानपणचा डाग अजून तसाच आहे.

मी रागावून लिहीत नाहीये. तू का बंद केलास ते मला समजतं. त्या आवाजापासून तू तुझं घर इतकी वर्षं जपलंस आणि तो एका सकाळी तुझ्या जेवणाच्या टेबलावर येऊन उभा राहिला. मी तुझ्या जागी असते तर कदाचित हेच केलं असतं. तुझं हे जपणं मला मनापासून आवडतं. आपल्या घरात असं कुणी कुणाला जपलेलं मी पाहिलं नव्हतं. फक्त एवढंच, की त्या वेळी ते टोमणा मारत नव्हते. ते तिला सांगत होते, मी तुझा आजोबा.

ताई


२० एप्रिल

छोट्या,

हे पत्र लहान आहे.

शुक्रवारी वर्गात बाबा उठले आणि म्हणाले, मला वाटलं की फोनची लाइन गेली.

"इ आओरा?"

त्यांनी शर्टाचं बटण तपासलं. मग म्हणाले, "आता पण तसंच वाटतं."

कुणी हसलं नाही. आणि बाईंनी या वेळी मत बदललेलं मागितलं नाही. "बसा काका," म्हणाल्या.

आईने हे खालून ऐकलं. म्हणजे तिला कळलं नाही, पण आवाज कळला. दंतवैद्यांनी तिला पाणी दिलं.

ताई


८ जून

प्रिय छोट्या,

बाबा तोंडी परीक्षेत पास झाले. निकालाला बाईंनी स्वतः फोन करून दुजोरा दिला. बाबांना विचारलं तर "झालं बरं" एवढंच म्हणाले.

त्याआधी तुझ्या पत्राबद्दल. पत्रच म्हणते, कारण या वेळी पान भरलं होतंस. तू लिहिलंस की फोन तूच बंद केलास, विचार करायच्या आत हात गेला. आणि पुढे ते लिहिलंस जे मला ठाऊक नव्हतं: तू तिला त्या वाक्याचा अर्थ कधी सांगितलाच नाहीस. त्या रात्री तिने विचारलं, बाबा काय म्हणाले, आणि तू म्हणालास, तुझं कौतुक केलं. इतकी वर्षं तिला तेच खरं वाटतंय. तू दुकान घेतलं नाहीस म्हणून बाप-लेकांचं बिनसलं, असं ती समजते, आणि दर वर्षी तुला म्हणते, एवढ्याशा गोष्टीवरून काय अबोला धरायचा, मला तर त्यांनी किती प्रेमाने वागवलं होतं.

हे मी ऑफिसात वाचलं, लागोपाठ दोनदा. डेस्कवरच्या पोराने विचारलं, "मॅडम, कुठली मोठी बातमी?" मी म्हटलं, घरची.

मी हे बाबांना सांगितलं. तुला न विचारता सांगितलं, राग आला तर माझ्यावर धर. तिच्याशी बोलायला ते जीव टाकून तयारी करतायत, आणि ज्या वाक्याची माफी मागायची ते वाक्य तिला कधी कळलेलंच नाही, हे त्यांना माहीत असायला हवं होतं.

ते दुकानात होते. एका चष्म्याचा स्क्रू बसवत होते, तो बसवून संपवला. मग म्हणाले, "म्हणजे छोट्या इतकी वर्षं माझ्यासाठी खोटं बोलला."

आई डबा घेऊन आली होती. ती म्हणाली, "मग राहू द्या की आता. तिला बरं वाटतंय ना? उगाच कशाला उकरायचं?"

"चुकीच्या नंबरचा चष्मासुद्धा काहींना बरा वाटतो," बाबा म्हणाले. "म्हणून मी तसाच राहू देत नाही."

"अहो, पण दुखेल तिला."

"दुखेल."

"मग छोट्या सांगेल ना, त्याच्या पद्धतीने."

"त्याने का सांगावं? बोललो मी."

 आईने डबा उघडला, त्यांच्यासमोर ठेवला, आणि मग म्हणाली, "दंतवैद्यांकडे मी दाढेसाठी जात नव्हते." बाबा म्हणाले, "माहितीय. तुझी खोकल्याची उबळ वर ऐकू येते." म्हणजे या घरात सगळ्यांना सगळं माहीत होतं, फक्त तुझ्या बायकोला सोडून.

आता परीक्षेचं. बाहेरून आलेल्या एक वयस्कर बाई परीक्षा घेत होत्या, आणि क्लासच्या बाई शेजारी बसल्या होत्या. त्यांनी जसं सांगितलं तसं मी उतरवून घेतलं. आधी नाव, घर, काम. मग नेहमीचा प्रश्न: पूर्वी तुम्हाला काय वाटायचं, ते सांगा.

बाबांना शोकेसला शब्द आठवला नाही. ते म्हणाले, "माझं चष्म्यांचं दुकान आहे. दुकानात काचेचं कपाट आहे. माझ्या मुलाची बायको घरी आली. मला वाटायचं की ती त्या कपाटातल्या चष्म्यासारखी आहे. सुंदर, पण रोजच्यासाठी नाही. मी हे माझ्या भाषेत बोललो. हसून बोललो. तिला माझी भाषा येत नाही. ती मला धन्यवाद म्हणाली."

परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "इ आओरा?"

क्लासच्या बाई मला सांगत होत्या की त्यांना वाटलं, काका आता म्हणतील, आता मला वाटतं ती फार चांगली आहे. असं सगळेच म्हणतात, गुणही त्यालाच असतात.  काका म्हणाले, "आता मला माहीत नाही. मी तिच्याशी अजून बोललेलो नाही."

बाई म्हणाल्या, "ताई, गुण द्यायला आम्हाला वेळ लागला नाही. बोलायला लागला."

मराठीतलं ते वाक्य किती देखणं होतं, छोट्या. फ्रेम, शोकेस, नाक, सगळं जागच्या जागी. आणि हे किती ओबडधोबड. जन्मभर मी वाक्यं तपासत आलेय. या दोन्हींतलं एकच ठेवायला सांगितलं तर कुठलं ठेवीन, ते तुला कळलं असेल.

पुढचं असं. येत्या रविवारी फोन आई लावणार नाही, बाबा लावणार आहेत. तुमच्याकडे सकाळ असेल. या वेळी ते चुकणार नाहीत. दुकानातून खुर्ची घरी आणलीय, ती भिंगं बदलायची, आणि स्वयंपाकघरात ओट्यासमोर ठेवलीय. आईला तिला वळसा घालून गॅसकडे जावं लागतं, पण ती हलवू देत नाही. बाबा आधी चिऊला ते राहिलेलं वाक्य सांगणार, मग तुझ्या बायकोला बोलवायला सांगणार, आणि मग तिला हे सांगणार. माफीचे शब्द त्यांनी पाठ केले नाहीत. पाठ केलेलं कळतं, म्हणाले.

उचलायचा की नाही ते तू ठरव. तो हक्क तुझा आहे आणि बाबा तो मानतात. त्यांनी मला तसं सांगितलं. तिला आधी सांगायचं असेल तर तेही तू ठरव. पण बंद केलास तर या वेळी लाइन गेली असं मी म्हणणार नाही, आणि आईही म्हणणार नाही.

उचललास तर एक कर. ते सांगून थांबतील. त्या क्लासची सवयच तशी लागलीय, कुणी विचारल्याशिवाय त्यांना पुढे जाता येत नाही. तेव्हा तू मध्ये बोलू नकोस, मीही बोलणार नाही. ती रागावेल, रडेल, उठून जाईल, काहीही करेल. पण परत येऊन बसली तर तिच्या भाषेत ती तेच विचारेल, जे तो वर्ग विचारतो.

ते खुर्चीत बसून असतील.

ताई